उत्कर्षाताईंचा सात वाड्यांचा दौरा

मी धावत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या गोष्टीत बरंच धावणं आहे आणि त्यातलं एक पाऊलही माझं नाही. मी मूळचा परभणीचा, नाव वाल्मीक, हिंजवडीत टेस्टर आहे आणि भरे गावात भाड्याने राहतो. समोरच्या फ्लॅटमध्ये उत्कर्षा राहते. ती अकोल्याची. अकोल्यात तिच्या घराजवळची सगळ्यात उंच जागा म्हणजे रेल्वेचा पूल. मुळशीत आल्यावर तिला डोंगरांवर पळायचं वेड लागलं. आमच्या सोसायटीतल्या बाकीच्या लोकांना प्लॉट घ्यायचं लागतं, त्या मानाने हे स्वस्तातलं.

तिला जे करायचं होतं त्याला पळणारी मंडळी ‘वळसा’ म्हणतात. रिह्याच्या मारुतीच्या पायरीला हात लावून निघायचं, खोऱ्याभोवतीचे नऊ डोंगर माथ्यापर्यंत चढून उतरायचे आणि परत त्याच पायरीला हात लावायचा. अठ्ठावन्न किलोमीटर, वीस तासांच्या आत. मेडल नाही, सर्टिफिकेट नाही, टी-शर्टसुद्धा नाही. फक्त एक यादी आहे, तिच्यात नाव लागतं. आतापर्यंत चौदा नावं लागली आहेत. वीस तासांवर एक मिनिट गेलं तरी पंधरावं लागत नाही.

गेल्या वर्षी उत्कर्षाला वीस तास अकरा मिनिटं लागली होती.

मार्चमध्ये कंपनी तिला चेन्नईला हलवणार होती. तिने चेन्नईचा नकाशा उघडला, उंची दाखवणारं बटण दाबलं, थोडा वेळ बघितलं आणि फोन उलटा ठेवला. म्हणजे जे काय व्हायचं ते या फेब्रुवारीत.

तयारीला ती डिसेंबरपासून लागली. रोज सकाळी पाठीवर दहा किलो इंद्रायणी तांदूळ घेऊन जिना चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. वॉचमन मोहिद्दीनचाचांनी तिला लिफ्ट चालू असल्याचं चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की पोरीला तांदूळ नेमका कुठल्या मजल्यावर द्यायचाय ते आठवत नाहीये का.

माझ्याकडे वेळापत्रकाचं काम होतं. मी तिच्या घड्याळातला गेल्या वर्षीचा सगळा डेटा एक्सेलमध्ये ओतला आणि अकरा मिनिटं शोधायला बसलो. ती फार लांब नव्हती. सहाव्या डोंगराखालच्या वाडीत एक ठिपका तेवीस मिनिटं एकाच जागी उभा होता.

“हे काय?” मी विचारलं.

“तुळजाबाईंचा चहा.”

“चहाला तेवीस मिनिटं?”

“त्यांनी आधी म्हैस पिळली.”

“मग नको म्हणायचं ना.”

“तू म्हणून दाखव.”

मी परभणीचा असल्यामुळे विषय सोडला. आमच्याकडे चहाला नको म्हटलेल्या माणसाच्या घरी सोयरीक होत नाही.

त्यावर मी उपाय काढला. वाटेवर एकूण सात वाड्या होत्या. त्या सगळ्यांना आधीच एक पत्रक पाठवायचं: उत्कर्षा अमुक दिवशी अमुक वाजता तुमच्या वाडीतून जाईल, कृपया चहासाठी थांबवू नये, फार तर पाणी द्यावं, कुत्री बांधून ठेवावीत. खाली सातही वाड्यांच्या वेळा. कोपऱ्यात तिच्या पळणाऱ्या ग्रुपचा लोगो, म्हणजे एक बूट. ओळख पटावी म्हणून तिचा एक फोटो. माथ्यावर थंडीत तळहात चोळत असतानाचा तिचा एक चांगला फोटो माझ्याकडे होता.

पिरंगुटला शाकिरभाईंचं प्रिंटिंगचं दुकान आहे. त्यांना मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवला. संध्याकाळी प्रूफ आलं. मी टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका बघून डोळे थकलेले असतात. मी अंगठा पाठवला.

पाचशे पत्रकं तयार झाली. शाकिरभाईंनीच सुचवलं, की सकाळी वाड्यांवरचं दूध गोळा करायला पायथ्याला जी गाडी जाते तिच्याबरोबर द्या, दूध घालणारे घरोघर पोचवतील. पोचली. एक उरलेलं पत्रक मी घरी आणून वाचलं तेव्हा गाडी परतसुद्धा आली होती.

कागद गुलाबी होता. वर ठळक अक्षरांत ‘नम्र विनंती’. मधोमध हात जोडलेली, हसतमुख उत्कर्षा. तळहात चोळणारा माणूस फोटोत हात जोडल्यासारखा दिसतो हे मला तेव्हा कळलं. तिच्या नावापुढे ‘ताई’. शेजारी गोलात बूट. खाली ‘आपल्या वाडीत येत आहेत’ आणि वाडीनिहाय वेळा. सगळ्यात शेवटी, ‘कुत्री बांधून ठेवावीत’च्या खाली, ‘आपली नम्र’.

जिल्हा परिषदेची निवडणूक तीन आठवड्यांवर होती.

मी शाकिरभाईंना फोन लावला.

“अहो, हे निवडणुकीचं पत्रक वाटतंय.”

“सीझनचा फॉरमॅट तोच हाय ना भाऊ. मजकूर तुमचाच ठेवला, एक अक्षर बदललं न्हाई. फक्त ताई लावलं. बाईमाणसाचं नुसतं नाव छापायचं बरं दिसत न्हाई.”

“आणि गुलाबी कागद?”

“पिवळा, निळा, भगवा, हिरवा, सगळे कुणी ना कुणी धरलेत. गुलाबी तेवढा मोकळा होता.”

पुढच्या रविवारी उत्कर्षा मधल्या तीन डोंगरांची वाट बघून घ्यायला गेली. दर वेळी पाच तासांत येते, त्या दिवशी नऊ लागले. परत आली तेव्हा तिच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि हातात निवेदनं.

“त्या डीपीचं काय करायचं?” तिने बूट काढता काढता विचारलं.

“कुठली डीपी?”

“तिसऱ्या वाडीची. जळालीय. दिवाळीपासून लाइट नाही.”

“तू त्यांना सांगितलं का नाहीस, की तू फक्त पळतेयस?”

“सांगितलं. ते म्हणाले, सगळे आधी असंच म्हणतात.”

तिने निवेदनं टेबलावर ठेवली. एक रस्त्याचं, एक डीपीचं, एक स्मशानभूमीच्या शेडचं. चौथं तुळजाबाईंचं होतं, तोंडी. उत्कर्षाने फोनमध्ये टिपून आणलं होतं. दोन वर्षांपूर्वी दारात नळ आला, पाणी आलेलं नाही, तेव्हा एक तर पाणी द्यावं नाहीतर नळ काढून न्यावा, म्हैस त्याला अडकते.

“तू लिहून का घेतलंस?”

“काऊन म्हणजे? बाई बोलत होती.”

हीच तिची खरी अडचण होती. पोरीचे गुडघे पोलादाचे आहेत, फुप्फुसं भात्यासारखी, पण समोरचा माणूस बोलत असताना तिला पुढे जाता येत नाही. सात वाड्या, दर वाडीत चार निवेदनं, निवेदनाला पाच मिनिटं. मी एक्सेलला विचारलं. एक्सेल म्हणालं बावीस तास वीस मिनिटं, आणि तेही हार धरले नाहीत तर.

मी रिह्याच्या नरहरीकाकांकडे गेलो. काका पूर्वी उपसरपंच होते. खोऱ्यातली प्रत्येक वाट आणि प्रत्येक भावकी त्यांना पाठ आहे. उत्कर्षाला सातव्या डोंगराची चोरवाट त्यांनीच दाखवलेली. त्यांनी पत्रक चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, मग विचारलं, “गटातनं का गणातनं?”

“काका, ती उभी नाहीये.”

“अर्ज बाद झाला व्हय?”

“अर्ज भरलाच नाही. उमेदवारांची यादी लागलीय, बघा, तिचं नाव नाही.”

“मग कुनाचा परचार करतीया?”

“कुणाचाच नाही. ती पळणार आहे.”

“कुटं?”

“इथूनच. इथंच परत.”

काकांनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. “बघ वाल्मीक,” ते म्हणाले, “मी तुला वळखतो म्हून तुझ्यावर इश्वास ठिवतो. पर हे लोकास्नी सांगू नगं. वंगाळ दिसतं. उमेदवार हाय म्हनलं की लोकं समजून घेत्यात. उगाच पळतीया म्हनलं की घरच्यास्नी फोन करत्याल.”

त्याच आठवड्यात शैलेशभाऊ आले. शैलेशभाऊ गटातून, म्हणजे जिल्हा परिषदेला उभे होते. एरवी ते आम्हाला फक्त फ्लेक्सवर भेटायचे, गॉगल लावलेले, विमानतळाकडे बोट दाखवत असल्यासारखे. प्रत्यक्षात बुटके निघाले. सोबत तिघे होते, त्यांना बाहेर उभं करून ते एकटेच सोफ्यावर बसले. उत्कर्षा तांदूळ घेऊन जिन्यात होती.

“कुत्री कुणाला म्हणालात?” त्यांनी सुरुवातच तिथून केली.

“कुत्र्यांना.”

“आमच्या पोरांच्या मनाला लागलंय.”

मी म्हटलं, गैरसमज झालाय. ते म्हणाले, गैरसमज सगळ्यांचाच होतो, मार्ग काढू. ताईंना पुढच्या वेळी पंचायत समितीला बघू. ताईंचं नाव यादीत नाही, म्हणजे दुसऱ्या कुणासाठी फिरतायत, ते आम्हाला कळतं. आत्ता माघार घ्या.

“ती माघार घेणार नाही,” मी म्हणालो. “डिसेंबरपासून तयारी केलीय तिने.”

हे मी पळण्याबद्दल म्हणालो होतो. शैलेशभाऊंनी खिशातून पत्रक काढून वेळा वाचायला सुरुवात केली.

“ह्या सात वाड्या. सगळ्या डोंगरावरच्या.”

“हो.”

“गाडी जात नाही तिथं.”

“पायी.”

“एका आठवड्यात?”

“वीस तासांत.”

शैलेशभाऊंचा चेहरा बदलला. यातल्या पाच वाड्या त्यांनी पाच वर्षांत बघितल्या नव्हत्या, असं नंतर नरहरीकाकांनी सांगितलं. दोन तर त्यांना नावानेही माहीत नव्हत्या. तेवढ्यात दार उघडून उत्कर्षा आत आली, घामाने निथळत, पाठीवर पोतं. ती त्यांना नमस्कार करून पाणी प्यायली.

“ताई तांदूळ वाटतायत?” शैलेशभाऊंनी मला हळूच विचारलं.

मी नाही म्हणालो. ते उठले. दारात म्हणाले, “आम्ही निवडणूक आयोगाकडे दाद मागू.”

ते गेल्यावर मी तो शब्द पकडून बसलो. आयोग. आयोग म्हणजे आचारसंहिता. आचारसंहिता म्हणजे एक मुदत असते, त्या मुदतीनंतर प्रचार बंद. मग भोंगे बंद, सभा बंद, हार बंद. उमेदवार रस्त्यात दिसला तरी माणसं अशी बाजूने जातात, जणू त्याला कांजिण्या झाल्यात.

उत्कर्षा बिस्किटं खात होती. मी तिला म्हटलं, “तारीख बदल. प्रचार ज्या संध्याकाळी संपतो, त्याच रात्री नऊला निघ. दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत पायरीला हात. मधल्या दिवसात तुझ्याशी कुणी बोलणार नाही.”

“मी उमेदवार नाहीये पण.”

“ते आपल्याला माहितीये. त्यांना सांगितलं तर ते बोलतील.”

तिने पाकीट खाली ठेवलं. खोट्याचा तिला त्रास होतो, हे मला माहीत होतं. पण चेन्नईचा नकाशासुद्धा तिला माहीत होता. मग ती म्हणाली, “मी स्वतःहून काही खोटं बोलणार नाही. कुणी विचारलं तर खरं सांगेन.”

“कुणी विचारणारच नाही. तेच तर म्हणतोय.”

नरहरीकाकांनी सातही वाड्यांना फोन करून नवी तारीख आणि वेळ कळवली. त्यांनीही खोटं काही सांगितलं नाही, फक्त म्हणाले की मुदत संपल्यावर कुनाशी बोलायचं नसतं, हे ध्येनात ठिवा. हे वर्षानुवर्षं खरंच आहे.

ठरल्याप्रमाणे ती नऊला निघाली. रात्रीचे चार डोंगर तिने एकटीने केले आणि उजाडताना फोन केला, की वेळापत्रकापेक्षा सहा मिनिटं पुढे आहे आणि वाडीतली माणसं विचित्र वागतायत. दुसऱ्या वाडीत पंधरा-वीस जण पहाटे उठून रांगेत उभे होते. सगळे तिच्याकडे पाठ करून. तिसऱ्या वाडीत एका आजोबांनी जळालेल्या डीपीकडे फक्त बोट दाखवलं, तेही आभाळात बघत. कुत्री बांधलेली होती. एका घरी तर शेळ्यासुद्धा बांधल्या होत्या, खबरदारी म्हणून.

तुळजाबाईंच्या वाडीत ती दुपारी पोचली तेव्हा पोटऱ्यांत गोळे येत होते आणि बाटली रिकामी होती. सहा मिनिटांची आघाडी तोवर संपून ती चार मिनिटं मागे पडली होती. तुळजाबाई अंगणात पाठमोऱ्या बसल्या होत्या, म्हशीसमोर.

उत्कर्षा थांबली. थांबणारच. म्हणाली, “मावशी, पाणी मिळेल का?”

तुळजाबाई वळल्या नाहीत. म्हशीला म्हणाल्या, “आपुन कुनाशी बोलत न्हाई बरं का. तांब्या भितीवर हाय. ज्याला लागंल त्यानं घ्यावा आन् चालू लागावं. कायदा हाय.”

उत्कर्षा तांब्या पीत असताना म्हशीला पुढेही बरंच ऐकावं लागलं. गूळ तांब्याच्या शेजारी हाय. सातवा डोंगर सरळ चढू नये, ऊन हाय, करवंदीच्या अंगानं जावं. आणि काही बायांना थांबायची लई खोड असते, हितं कोण कुनाचं काम करनार हाय, पळणाऱ्यानं पळावं. उत्कर्षा म्हणते, एवढं स्पष्ट तिच्याशी आईसुद्धा बोललेली नाही. ती त्या वाडीत दोन मिनिटं दहा सेकंद होती.

शेवटचा डोंगर उतरून वाट जिथे रिह्याच्या डांबरी रस्त्याला लागते, तिथे मी स्कूटरवर आणि नरहरीकाका दगडावर असे वाट बघत होतो. चार पस्तीसला ती झाडीतून बाहेर आली. पळत होती, असं म्हणायला जागा होती. तोंडाला मीठ सुकलेलं, एका गुडघ्याला रक्त. पायरी अडीच किलोमीटरवर. हातात पंचवीस मिनिटं. काका म्हणाले, “हुतंय.”

आणि वळणावरून पांढरी बोलेरो आली, पुढे ‘भरारी पथक’ लिहिलेली, आणि बरोबर तिच्या पुढ्यात आडवी झाली.

आतून चष्मेवाले एक साहेब उतरले. एरवी कृषी खात्यात असतात, निवडणुकीपुरते पथकप्रमुख. त्यांच्या हातात कागद आणि गुलाबी पत्रक. पाठोपाठ व्हिडिओवाला उतरला. तो एरवी लग्नांचं शूटिंग करतो, त्यामुळे त्याने सवयीने आधी तिच्या हातांचा क्लोजअप घेतला, मेंदीसाठी.

“तक्रार आहे,” साहेब म्हणाले. “मुदत संपल्यावर प्रचार. थांबा, जबाब घ्यायचाय.”

उत्कर्षा थांबली. समोरचा माणूस बोलत होता ना. मी घड्याळ बघितलं. चार सदतीस. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पेन चालेना, झटकलं. चार अडतीस. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी ती बोलली.

“सर, मी जबाब देते. पण थांबून नाही देणार.”

आणि ती गाडीला वळसा घालून पळायला लागली.

साहेबांनी आमच्याकडे बघितलं. काकांनी आभाळाकडे. साहेब आयुष्यभर सरकारी नोकरीत होते, जबाब देणारा माणूस जबाब देता देता निघून जातोय असं त्यांच्या कुठल्याच नियमात नसावं. ते गाडीत बसले. बोलेरो पहिल्या गिअरमध्ये तिच्या शेजारी आली, साहेबांनी काच खाली केली, व्हिडिओवाला मागच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला. मागे मी आणि काका स्कूटरवर.

“पूर्ण नाव?”

तिने तीन श्वासांत सांगितलं.

“वय?”

“एकोणतीस.”

“मतदार यादीत नाव?”

“अकोला.”

साहेबांनी वर बघितलं. “मग इथून उभ्या कशा?”

“नाही उभी. पळतेय.”

“पक्ष?”

“नाही.”

“हा बूट कशाचा?”

“ग्रुपचा. सर, चढ आहे. जरा थांबून विचारा.”

साहेब चढ संपेपर्यंत खरोखर थांबले. गाव लागलं. दोन्ही बाजूंना माणसं होती, सगळी पाठमोरी, पण बऱ्याच जणांनी मोबाइल खांद्यावरून मागे धरलेले. शैलेशभाऊंची पोरं पारावर उभी होती. त्यांना वाटलं पथकाने उमेदवाराला पकडून मिरवणूक काढलीय, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून बाकीचे वळले. मग कायद्याचं कुणाला काही राहिलं नाही.

“नेमकं काय चाललंय ते एका वाक्यात सांगा,” साहेब खिडकीतून ओरडले. “मला लिहायचंय.”

“पाचच्या आत,” ती म्हणाली, “पायरी.”

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, “हॉर्न वाजव. रस्त्यातली म्हैस बाजूला घ्यायला सांग.”

यादी ठेवणाऱ्यांनी वेळेचा पुरावा मागितला तेव्हा मी त्यांना घड्याळाचा डेटा पाठवला नाही. पंचनाम्याची नक्कल पाठवली, व्हिडिओसकट. शेवटचा परिच्छेद असा आहे:

“सदर महिला सायंकाळी ४ वाजून ५६ मिनिटांनी मौजे रिहे येथील मारुती मंदिराच्या पायरीस उजवा हात लावून खाली बसल्या व रडू लागल्या. रडण्याचे कारण विचारले असता उत्तर दिले नाही. ग्रामस्थांनी पाणी दिले. सदर महिलेजवळ झडतीत दोन खजूर, एक बॅटरी व गुळाचा खडा आढळून आला. प्रचार साहित्य आढळून आले नाही. पथकाच्या घड्याळानुसार चार मिनिटे शिल्लक होती.”